शिळी खळ

माघ सरत आला की आमच्या सोलापुरात दोन गोष्टी बरोबरच येतात. बाजारात नव्या शाळवाची पोती येतात आणि विणकरांच्या गल्ल्यांतून आंबट वास सुटतो. लगनसराईची लुगडी मागावर चढवायची घाई असते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचे ताणे ताणलेले, त्यांच्या दोन्ही अंगांनी हातात कुंचे घेऊन बाया पुढं-मागं चालतायत, आणि दारादारात एक मडकं. मडक्यात खळ. खळ म्हणजे ज्वारीच्या पिठाची शिजवलेली पातळ पेज. ती पाजल्याशिवाय सूत मागावर धावत्या धोट्याच्या माऱ्याखाली टिकत नाही. या कामाला पांजणी म्हणतात. वास येतो तो या मडक्यांचा.

काल सकाळी मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याला लुगडी दाखवायला नवी पेठेत नेत होतो. टांगा सोडला आणि जवळची वाट म्हणून गल्लीतून निघालो. पहिल्याच मडक्यापाशी गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला, चांगला इस्त्रीचा, आणि नाकाला लावला. रुमालातूनच विचारलं, "हा काय प्रकार आहे हो?" त्यांना मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगेन. आत्ता सांगायची लाज वाटते. एवढं खरं की तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, घास गोड लागत नाही, आणि जर्मनीत काढलेला तो एक हिवाळा सारखा आठवतो आहे. त्याला सात वर्षं झाली. राग मात्र अजून ताजा आहे.

आम्ही मूळचे दुधनीकडचे. शेत होतं ते पावसाच्या मर्जीवर, म्हणून आबा तरुणपणीच इथं गिरणीत आले आणि पुढं जॉबर, म्हणजे मुकादम, झाले. त्यांची धाकटी बहीण, माझी कोंडाआत्या, नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा एक गाठोडं घेऊन आमच्याकडं आली ती आलीच. शेजारी सगळी तेलुगू विणकरांची घरं. त्यांच्याकडं ती पांजणीला जायला लागली. विणकरांशी तेलुगू बोलायची, दुधनीची माणसं आली की कानडी, आणि आमच्याशी भांडायला मराठी. दहा-बारा वर्षांत असं झालं की लुगड्याचं मोलाचं सूत असलं की खळ लावण्याआधी गल्ली तिला बोलावून नेई. ती मडक्याशी उकिडवी बसे, बोट बुडवून जिभेच्या शेंड्यावर टेकवी, डोळे मिटी. मग म्हणे, "अजून एक दिस." किंवा नुसती मान हलवी. मान हलली की कुंचे उचलायचे. तिच्या शब्दावर ताणे थांबलेले मी पाहिले आहेत.

मला मात्र तिनं कधी मडक्याला हात लावू दिला नाही. जवळ गेलो की कुंच्याची मूठ दाखवायची. "शाळंला जा तू. ह्यो वास हाताला बसला की जात न्हाय. तुजा हात लिवायचा हाय." मलाही ते ऐकून बरं वाटायचं हो! अंगणात एवढं शहाणपण रोज आंबत पडलं होतं आणि मी त्याला वळसा घालून, सदऱ्याला डाग पडू नये म्हणून अंग चोरत, भूमितीची प्रमेयं घोकत शाळेला जात होतो. घरच्यांना त्याचं कौतुक. मला तर फारच.

तर असा हा हात न विटाळलेला मुलगा शिकत शिकत मुंबईला गेला, तिथून काही उदार मंडळींच्या मदतीनं जर्मनीला गेला, इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करायला. लढाई संपून दहा-अकरा वर्षं झाली होती. ज्या गावी मी होतो ते गिरण्यांचंच गाव. तिथलेही भोंगे पहाटे वाजत, आणि पहिल्या दिवशी भोंगा ऐकून मी अर्धवट झोपेत आबांच्या भाकरीचं फडकं शोधत उठलो होतो. बाहेर बर्फ, आत कोळशाची शेगडी, जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास. त्या वासाला कुणी रुमाल लावत नसे. मीही लावला नाही, पाहुणा होतो ना.

विषय मी निवडला होता तो सोलापूरचाच. आमच्याकडं हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत कडक होतं, तटातट तुटतं. तरी आमच्या गल्लीत ते तुटत नाही, कारण खळ. ती खळ सुताला नेमकं काय करते, हे यंत्रावर मोजून दाखवायचं, असा माझा बेत. प्रोफेसर म्हणाले, करा. ते बटाट्याच्या खळीतले मोठे जाणकार, आणि आपण एका परक्या मुलाला संधी देतो आहोत याची त्यांना स्वतःलाच फार गोड जाणीव होती. त्यांच्या मदतनिसानं माझ्या बरणीवर चिठ्ठी चिकटवली, "हिंदी चिखल". सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता खळ करायची कशी? गल्लीत वाढलेल्या या पठ्ठ्याला ते ठाऊक नव्हतं! घरी पत्र टाकलं, आत्याला विचारून कृती कळवा, आणि ज्वारीचं पीठ पाठवा. आबांना लिहिता येत नसे. गल्लीची पत्रं मास्तर लिहीत. मास्तर म्हणजे माझेच शाळेतले गुरुजी. माणूस प्रेमळ, अक्षर वळणदार, आणि गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीची चारचौघांत लाज वाटायची खोड. दीड महिन्यानं पत्र्याच्या डब्यातून पीठ आलं आणि सोबत मास्तरांच्या अक्षरातली कृती. ती अजून पाठ आहे मला. "शुद्ध व ताजे पीठ स्वच्छ उदकात कालवून मंदाग्नीवर शिजवावे, किंचित तेल मिसळावे व तत्काळ उपयोगात आणावे." वाचून मला भरून आलं. माझी आत्या उदक आणि मंदाग्नी कधीपासून बोलायला लागली, हा प्रश्न काही मला पडला नाही.

शुद्ध पीठ घेतलं, स्वच्छ उदक घेतलं. खळ तत्काळ उपयोगात आणली. सूत वाळवलं, यंत्राच्या चिमट्यांत धरलं, काटा जरासा हलला आणि तट्. दुसरा धागा, तट्. नाताळ आला नि गेला, खिडकीच्या काचेवर हिमाची नक्षी उठली नि विरघळली, आणि मी आपला चिमट्यांत धागा धरतोय आणि तट्. बटाट्याच्या खळीचं सूत दुप्पट ताण सोसत होतं. बिनखळीचं सूतसुद्धा माझ्या सुताइतकं पटकन तुटत नव्हतं. मदतनीस येऊन पाही आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर बोटानं टिचकी मारून जाई.

फेब्रुवारीत प्रोफेसरांनी बोलावलं. आवाज अगदी मायेचा. म्हणाले, ईस्टरपर्यंत बघा. मग हा विषय सोडा आणि बटाट्यावर नव्यानं सुरुवात करा. नव्यानं सुरुवात म्हणजे दोन वर्षं, आणि मला पाठवणाऱ्या मंडळींनी दिलेली मुदत उन्हाळ्यात संपत होती. म्हणजे हात हलवत परत. आबांनी गिरणीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगं मोठी पदवी आणतंय. जाता जाता प्रोफेसर म्हणाले, तुमच्या लोकांना या खळीनं फायदा होतो असं वाटतं, ती सवय असावी. सवयीला माणूस ज्ञान समजतो. मी खाली मान घालून "होय" म्हणालो.

पण माझा खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. खोलीवर येऊन मी घरी पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, आत्याला सांगा, कृतीबरहुकूम ताजी खळ लावली, ती इथं एक दिवस टिकली नाही; गल्लीनं उगाच तिला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं; तिच्या नादानं माझं वर्ष बुडालं. ज्या बाईनं माझा हात स्वच्छ राहावा म्हणून स्वतःचे हात कोपरापर्यंत आंबवले, तिला मी हे लिहिलं. प्रोफेसरांना "होय" आणि आत्याला हे!

माघ-फाल्गुनाचेच दिवस होते. इकडं गल्लीत पांजणी चालली असेल, नवा शाळू आला असेल, कुणीतरी हुरड्याची शेवटची कणसं भाजत असेल, असं मनात येई आणि त्याचाही राग येई. कारण त्या वेळी मला वाटत होतं की ही सगळी माणसं उगाच खुशीत आहेत, त्यांना यंत्राचा काटा दाखवायला हवा.

उत्तर आलं ते मास्तरांच्या अक्षरात नव्हतं. मास्तर मुलीच्या लग्नासाठी अकलूजला गेले होते, म्हणून आत्या स्वतः उठून पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडं गेली होती. तो माणूस दिवसभर गावची दुखणी, भांडणं, बाळंतपणं लिहिणारा. त्याला कसली लाज? ती बोलली तसं त्यानं लिहिलं.

"आरं, तू ताजी खळ लावतूस व्हय? ताज्या खळीनं सूत ताटतं नि तुटतं, ह्ये गल्लीतलं कुत्रं बी सांगल. शिळी घे. पीठ कालवून दोन दिस मडक्यात ठेव, आंबू दे, फेस आला पायजे. मग शिजीव. तितं थंडी लई हाय म्हनत्यात, मंग शेगडीजवळ ठेव, दिस मोजू नगो, जीब लाव. जिबंला चुरचुरलं की झालं. मी मास्तरला समदं सांगितलं हुतं. त्यो म्हनला, सायबाच्या देशात शिळं कसं लिवायचं, नाक मुरडतील. म्या म्हनलं, तुमी शिकलेली मान्सं, तुमास्नी ठावं. आन पत्रात लई बोललास मला. येऊन भेट, मंग बघते."

मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शिळं! पाहुण्याला शिळं वाढत नाहीत, एवढ्या एका संकोचानं मास्तरांनी माझा सबंध हिवाळा खाल्ला. दुसऱ्या कुठल्या देशातला मास्तर हे करील? चूक लिहिली असती तर समजलो असतो. त्यांनी चूक नव्हे, अब्रू लिहिली. आणि आत्यानं ते चालवून घेतलं, कारण ती शिकलेली नव्हती. आणि मला ते कळलं नाही, कारण मी शिकलेला होतो.

पीठ भिजवून शेगडीशी ठेवलं. दोन दिवसांत काही नाही. तिसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे. पाचव्या दिवशी झाकण काढलं आणि तो वास आला. अहो, त्या परक्या गावात, कोबी आणि कोळशाच्या मधोमध, आमची सगळी गल्ली त्या बरणीतून वर आली! बोट बुडवलं, जिभेला लावलं, चुरचुरलं. मदतनीस किळसेनं मागं सरला. खळ शिजवली, सूत पाजलं, वाळवलं, चिमट्यांत धरलं. काटा चालला, चालला, बटाट्याच्या खुणेपाशी आला, ती ओलांडून पुढं गेला. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत.

प्रोफेसर धावत येतील अशी माझी भाबडी समजूत. ते आले सावकाश. आकडे बघितले, मान डोलावली आणि म्हणाले, यात नवल नाही, इंग्रज गिरणीवालेसुद्धा पूर्वी गव्हाचं पीठ आंबवत असत. म्हणजे यांना ठाऊक होतं! तीन महिने माझे धागे तटातट तुटताना बघत होते आणि एका शब्दानं विचारलं नाही की बाबा रे, पीठ आंबवलंस का? कारण आमच्याकडं असं काही जाणून केलेलं असेल, हेच त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गव्हाचं आंबलं तर तंत्र, आणि ज्वारीचं आंबलं तर चिखल. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बोललो काय? "होय, प्रोफेसरसाहेब."

प्रबंध भराभर लिहून झाला. आंबटपणा मोजण्याची रीत बसवली. आत्यानं सांगितल्याप्रमाणं जिभेला जिथं चुरचुरे तिथंच सुताची ताकद सर्वांत जास्त भरत होती, त्याच्या आधी नाही की नंतर नाही. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं की हे ज्ञान सोलापूरच्या कोंडाबाई नावाच्या पांजणी करणाऱ्या बाईचं आहे, मी ते फक्त मोजलं. प्रोफेसरांनी त्या ओळीवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. म्हणाले, भावना चांगली आहे, पण जीभ हे उपकरण नव्हे, आणि ज्या बाईला हा प्रबंध वाचता येत नाही तिचं नाव त्यात कशाला? तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी भांडू शकत होतो. फार तर काय झालं असतं? मी ओळ काढली. तिच्या जागी "स्थानिक विणकरांची रूढी" असं लिहिलं, आणि पहिल्या पानावर माझ्या नावाखाली मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव, ठळक अक्षरांत.

परत आलो तेव्हा स्टेशनवर हार घेऊन गल्ली उभी. आबा माझा दंड धरून चालत होते. मास्तरांनी मिठी मारली आणि कानात म्हणाले, "कृती मी मुद्दाम सुधारून लिहिली होती हो, आपल्या गावाचं हसं व्हायला नको." त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी वाकून त्यांच्या पाया पडलो. आज त्यांना सुनावीन, पण आज ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि गल्लीत ओट्यावर ऊन खात बसतात.

घरी आल्यावर आत्यानं पुस्तक मागितलं. पत्रातल्या बोलण्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. हात लुगड्याला पुसले, दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "माजं नाव कुटं हाय ह्यात?" मी काय केलं? त्या पानावरच्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, "हे बघ, हितं." ओळ प्रोफेसरांची होती. तिनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, कोनाड्यातलं हळदकुंकू आणलं आणि तिथं लावलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला, घरोघर हत्यारं पुजतात त्या दिवशी, आत्या पाटावर आपला कुंचा मांडते, मडकं मांडते आणि मधे ते पुस्तक. कुंकू लागतं ते त्याच ओळीला. सात वर्षं मी ते बघतो आहे, प्रसाद खातो आहे.

आणि आता कालचं उत्तर. रुमालवाल्या पाहुण्यानं "हा काय प्रकार" म्हणून विचारलं, तेव्हा मी, या खळीवर डॉक्टर झालेला, गिरणीत खळखात्याचा मुख्य, पटकन म्हणालो, "जुनी पद्धत आहे. अडाणी लोक आहेत. हळूहळू बंद होईल." बोललो आणि ऐकलं. आवाज माझा होता, बोलत होते मास्तर. नव्हे, मास्तर बरे. त्यांनी निदान दुसऱ्याच्या पोराची अब्रू राखायला लपवलं होतं. मी स्वतःच्या सदऱ्यासाठी.

आज सकाळी उठून पहिलं काम हे केलं. कोनाड्यातलं पुस्तक घेतलं आणि गल्लीत गेलो. आत्या आता कुंचा धरत नाही, मडक्यांपाशी बसून असते. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो, पान उघडलं आणि म्हणालो, "आत्या, हे नाव तुजं न्हाय. माज्या प्रोफेसरचं हाय. तुजं नाव ह्या पुस्तकात कुटंच न्हाय. मी खोटं दावलं."

तिनं पुस्तकाकडं पाहिलं नाही. बोट मडक्यात बुडवून जिभेला लावलं, मडक्यावर झाकण ठेवलं.

"आन शिळी खळ? ती लिवलीस का न्हाय?"

"लिवली."

"नीट? मास्तरावानी न्हाय?"

"नीट लिवली. दोन दिस, थंडीत पाच."

"मंग निदान दुसऱ्या कुनाचं पोर तुज्यावानी अडायचं न्हाय," ती म्हणाली. मग पान आपल्याकडं ओढून त्या ओळीकडं बघत राहिली. "पर सात वरसं म्या त्या बाबाला कुंकू लावलं व्हय रं?" तिच्या आवाजात गंमत होती की काय होतं, मला सांगता येणार नाही. मग तिनं त्या ओळीशेजारी बोट टेकवलं. "जागा हाय की हितं. लिव."

खिशात पेन्सिल होती. कुंकवावर तेल-हळदीचा थर बसलेला, तिथं ती उठेना. त्याखालचं प्रोफेसरांचं नाव तर केव्हाच दिसेनासं झालं होतं. मग समासात लिहिलं, मराठीत. आत्या म्हणाली, काय लिवलंस वाच. मी हळू आवाजात वाचलं: "खळ शिळी घ्यावी. सांगणार कोंडाबाई."

"मोठ्यांदा वाच," ती म्हणाली. "मास्तर बसलाय तितं ओट्यावर. त्येला ऐकू गेलं पायजे."

मी उभा राहिलो आणि मोठ्यांदा वाचलं.